प्रॉक फाइल सिस्टीम

चालू प्रोसेसची (म्हणजे त्या वेळी चालत असलेल्या प्रोग्रॅमची) माहिती प्रोग्रॅमांना फाइलींच्या रूपात पुरविणारी, युनिक्स वळणाच्या ऑपरेटिंग सिस्टीममधील आभासी फाइल सिस्टीम. रूढीने ती ‘/प्रॉक’ येथे जोडलेली असते. तिच्यातील फाइली डिस्कवर नसतात. कोणी वाचू लागले की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्याच क्षणी मजकूर तयार करून देते. म्हणून लिनक्सवर यादीत बहुतेक फाइलींचा आकार शून्य बाइट दिसतो आणि उघडल्यावर मात्र ओळीच्या ओळी निघतात. चालू प्रोसेसची यादी दाखविणारे लिनक्सवरील ‘पीएस’ व ‘टॉप’ हे प्रोग्रॅम हीच माहिती वाचून मांडतात.

युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) ‘पीएस’ची रीत वेगळी होती. कर्नलच्या फाइलीतील चिन्हतक्त्यावरून (नावे व त्यांचे मेमरीतील पत्ते यांच्या यादीवरून) प्रोसेस-तक्त्याचा पत्ता काढायचा, मेमरी दाखविणारी उपकरण-फाइल उघडून तेथील बाइट उचलायचे आणि आपल्याजवळच्या स्ट्रक्चरच्या (माहितीच्या ठरावीक मांडणीच्या) साच्यात बसवायचे. कर्नलमधील स्ट्रक्चर बदलले की साचा चुके आणि ‘पीएस’ पुन्हा कंपाइल करावे लागे. कर्नलची सबंध मेमरी सर्वांना वाचू देणे धोक्याचे, म्हणून अशा प्रोग्रॅमला विशेष अधिकार देऊन ठेवण्याची पद्धत पडली. डीबगिंगसाठी असलेला ‘पीट्रेस’ हा सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे करायची विनंती) एका वेळी मेमरीतील एकच वर्ड हलवी, आणि तोही जनक-प्रोसेसला आपल्या अपत्य-प्रोसेसपुरताच वापरता येई.

उगमाचे श्रेय दोन ठिकाणी दिलेले आढळते. बेल लॅब्जमधील टी. जे. किलियन यांनी १९८४ मध्ये यूसेनिक्स या युनिक्स-वापरकर्त्यांच्या संघटनेच्या परिषदेत ‘प्रोसेस म्हणजे फाइली’ या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध मांडला. ही रचना युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत आली व त्या आवृत्तीचा काळ साधारणतः १९८५ धरतात. तीत प्रत्येक प्रोसेसला एकच फाइल होती आणि ती वाचणे म्हणजे प्रोसेसची मेमरी वाचणे. व्यापारी युनिक्सच्या परंपरेत लिहिणारे मात्र रॉजर फॉकनर व रॉन गोम्स यांच्या सिस्टीम व्ही, रिलीज ४ या व्यापारी युनिक्समधील कामापासून (निबंध १९९१) सुरुवात करतात. प्रसाराचे श्रेय त्यांना देणे रास्त आहे. कल्पना किलियन यांची मानणे अधिक सयुक्तिक. प्रत्येक प्रोसेसला फाइलीऐवजी डिरेक्टरी देण्याची पद्धत बेल लॅब्जच्याच ‘प्लॅन ९’ या ऑपरेटिंग सिस्टीमची. लिनक्सने १९९२ च्या सुमारास, तर सोलारिस या व्यापारी युनिक्सने २.६ या आवृत्तीत (१९९७) तोच आराखडा स्वीकारला. मात्र सोलारिस बायनरी स्ट्रक्चर देते आणि लिनक्स बहुतांशी साधा मजकूर.

मजकूर डोळ्यांनी वाचता येतो, पण प्रोग्रॅमला तो वाटतो तितका सोपा नसतो. लिनक्सवर प्रत्येक प्रोसेसच्या डिरेक्टरीत तिची स्थिती सांगणारी ‘स्टॅट’ ही फाइल असते. एखाद्या शेलच्या (आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या) या फाइलीची सुरुवात, देवनागरीत उतरवली तर, अशी :

४२१७ (बॅश) एस ४२०९ ४२१७ ४२१७ ३४८१६

प्रोसेस क्रमांक, नाव, अवस्था (‘एस’ म्हणजे झोपलेली), जनक-प्रोसेस, गट, सत्र व टर्मिनल असा हा क्रम. ३४८१६ म्हणजे १३६ गुणिले २५६; १३६ हा छद्म-टर्मिनलांच्या (प्रत्यक्ष यंत्राऐवजी प्रोग्रॅमने पुरविलेल्या टर्मिनलांच्या) वर्गाचा क्रमांक, अर्थात हे पहिले छद्म-टर्मिनल. अशी एकूण ५२ पदे असतात. घोळ दुसऱ्या पदाशी होतो : नावात मोकळी जागाही चालते आणि कंसही. जागा मोजत पदे तोडणारा प्रोग्रॅम तेथे फसतो. ओळीतील शेवटचा बंद कंस शोधून पुढची पदे मोजणे हाच खात्रीचा उपाय. हे नाव १५ बाइटांचे, म्हणजे युटीएफ-८ मधील देवनागरीची जेमतेम ५ चिन्हे; काना-मात्राही त्यातच. पदांचा क्रम असंख्य प्रोग्रॅमांनी गृहीत धरल्यामुळे निरुपयोगी पदही काढता येत नाही. एकविसावे पद २.६.१७ या कर्नलपासून नुसते शून्य छापते.

माहिती वाचेपर्यंत प्रोसेस संपू शकते आणि तिचा क्रमांक दुसरीला मिळू शकतो. म्हणून क्रमांकाबरोबर बाविसावे पद, म्हणजे सुरुवातीची वेळ, जोडीने तपासतात. २०१९ मध्ये लिनक्समध्ये आलेल्या ‘पीआयडीएफडी’ने (क्रमांकाऐवजी त्या नेमक्या प्रोसेसला धरून ठेवणाऱ्या हँडलने) ही अडचण बरीचशी मिटवली.

प्रोसेस ज्या आज्ञेने सुरू झाली ती ओळ देणारी ‘सीएमडीलाइन’ फाइल एरवी त्या यंत्रावरील सर्वांना वाचता येते. आज्ञेच्या ओळीत पासवर्ड लिहू नये, असे सांगतात ते यामुळेच. ३.३ या कर्नलपासून (२०१२) ‘हाइडपीआयडी’ हा पर्याय देऊन इतरांच्या प्रोसेस झाकता येतात.

बीएसडी कुळाने (बर्कली विद्यापीठातील युनिक्सपासून निघालेल्या सिस्टीमनी) पुढे कर्नलची माहिती थेट विचारणारा ‘सिस्कटल’ हा सिस्टीम कॉल पसंत केला. ओपनबीएसडीने ५.७ या आवृत्तीत (२०१५) प्रॉक काढूनच टाकले. मॅकओएसमध्येही ते नाही. विंडोजमध्ये फाइलींऐवजी फंक्शने आहेत. टूलहेल्प ही फंक्शनांची लायब्ररी त्या क्षणाची यादी हाती देते. त्याखालच्या पातळीवरील ‘एनटी क्वेरी सिस्टीम इन्फर्मेशन’ या फंक्शनला उत्तरासाठी दिलेली मेमरीतील जागा अपुरी पडली तर ते लागणारी जागा सांगून परतते, तेवढी घेऊन पुन्हा विचारेपर्यंत प्रोसेस वाढलेल्या असू शकतात, म्हणून ही विचारणा लूपमध्येच करतात.