झादर आणि तेथील सागर-ऑर्गन

झादर : क्रोएशियाच्या डाल्मेशिया भागातील, एड्रिॲटिक समुद्राकाठचे प्राचीन बंदर. लोकसंख्या सुमारे ७०,०००. जुने शहर साधारण एक किमी. लांब आणि अर्धा किमी. रुंद द्वीपकल्पावर वसले आहे. त्याच्या वायव्य टोकाला लाटांवर वाजणारे सागर-ऑर्गन (स्थानिक नाव मोर्स्के ओर्गुल्ये) आहे. बहुतेक प्रवासी तेथे सूर्यास्ताची वेळ साधून येतात. वाद्य मात्र वाऱ्यावर आणि बोटींच्या ये-जा करण्यावर अवलंबून असल्याने मावळत्या सूर्याशी त्याचा काही संबंध नाही. भेटीची आखणी करताना हे आधी ध्यानात घ्यावे.

रोमन काळात हे शहर इयाडेर या नावाने ओळखले जाई. १२०२ मध्ये चौथ्या क्रुसेडच्या (ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या) सैन्याने व्हेनिसच्या सांगण्यावरून ते लुटले. ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी ख्रिस्ती शहर लुटल्याची ही घटना त्या काळीही गाजली. १४०९ मध्ये नेपल्सचा राजा लाडिस्लाउस याने डाल्मेशियावरील आपला हक्क एक लाख डुकाटांना (सोन्याच्या नाण्यांना) व्हेनिसला विकला आणि १७९७ पर्यंत येथे व्हेनिसची सत्ता राहिली. पुढे ऑस्ट्रियाच्या अमलात झादर डाल्मेशियाची राजधानी होते. १९२० च्या रापाल्लो तहाने ते इटलीकडे गेले. १९४३-४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बाँबहल्ल्यांत जुन्या शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. युद्धानंतरच्या घाईच्या पुनर्बांधणीत समुद्राकाठी काँक्रीटची सरळसोट भिंत उभी राहिली. शहर समुद्राला लागून होते, पण पाण्यापाशी उतरून बसायला जागा नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचे काम म्हणून सागर-ऑर्गनकडे पाहिले, तर त्याची रचना नीट समजते. क्रूझ जहाजांच्या धक्क्याच्या नूतनीकरणात वास्तुकार निकोला बाशिच यांनी सुमारे ७० मी. लांबीचा किनारा पांढऱ्या दगडी पायऱ्यांत उतरवला आणि पायऱ्यांच्या पोटात नळ्या बसवल्या. पाण्याच्या हालचालीचे गणित व्लादिमिर आंद्रोचेत्स यांनी, तर स्वरांची जुळणी इव्हान स्तामाच यांनी केली. शिट्ट्या राजधानी झाग्रेबच्या हेफेरर या ऑर्गन बनवणाऱ्या कारखान्यातून आल्या. एप्रिल २००५ मध्ये ते खुले झाले आणि २००६ मध्ये सार्वजनिक नागरी जागांसाठीच्या युरोपीय पुरस्काराचे सहमानकरी ठरले.

पायऱ्यांचे सात टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्याखाली पाच, अशा एकूण ३५ पॉलिएथिलीन नळ्या आहेत. त्यांची लांबी, व्यास आणि उतार वेगवेगळा आहे. नळीचे खालचे तोंड समुद्रात असते. तेथून ती तिरकी वर चढत फरसबंदीखालच्या बोगद्यात येते. लाट आत शिरली की नळीतली हवा दाबली जाते, अरुंद भागातून वेगाने पुढे सरकते आणि टोकाच्या शिट्टीच्या धारेवर आपटते. संगीत नाटकातल्या पायपेटीप्रमाणे येथे धातूच्या पट्ट्या किंवा भाता नाही. स्वर अलगुजासारखा, हवेच्या धारेतून निघतो. बोगद्यात घुमलेला आवाज फरशीच्या आणि पायऱ्यांच्या भोकांतून बाहेर येतो. कोणत्या नळीत लाट कधी शिरेल याचा नेम नसल्याने एका टप्प्यातले पाचही स्वर कोणत्याही क्रमाने एकत्र वाजले तरी कानाला खटकू नयेत, असेच ते निवडावे लागले. चाल नसूनही गोंगाट होत नाही, तो यामुळेच.

लाट किती उंच हवी, याचा अंदाज सोपा आहे. चर्चमधल्या ऑर्गनला साधारण ७० ते १०० मिमी. पाण्याच्या स्तंभाइतका हवेचा दाब लागतो. गळती आणि घर्षण सोडले, तर वीतभराहून कमी उंचीची लाटही शिट्टी वाजवू शकते. उलट लाट फार जोराची असेल, तर हवेचा वेग वाढून मूळ स्वर वरच्या सप्तकात उडी घेतो किंवा फाटतो. वादळात काठावर भिजत उभे राहणाऱ्यांना सर्वांत मोठा आवाज ऐकायला मिळतो, सर्वांत गोड नव्हे.

ही कल्पना पहिल्यांदा झादरला सुचली असे नाही. सॅन फ्रान्सिस्कोतले लाट-ऑर्गन १९८६ चे आहे आणि इंग्लंडमधील ब्लॅकपूलचे २००२ चे. पण त्या दोन्हींकडे भरतीची वाट पाहावी लागते. झादरला भरती-ओहोटीतला फरक एरवी फूटभरच असतो, त्यामुळे नळ्यांची तोंडे दिवसभर पाण्याच्या पातळीच्या आसपास राहतात. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला हाच फरक ४ मी.च्या वर जातो. अशी रचना तेथे अर्धा दिवस बुडालेली आणि अर्धा दिवस कोरडी राहील.

कधी ऐकावे हे वाऱ्यावरून ठरवावे. समोरचे उग्ल्यान बेट खुल्या समुद्राच्या लाटा अडवते. झादरची सामुद्रधुनी मात्र वायव्य-आग्नेय दिशेत पसरली असल्याने तिच्या लांबीने वाहणारे वारे पाणी हलवतात. उन्हाळ्यात स्वच्छ दिवशी दुपारी वायव्येकडून ‘माएस्त्राल’ वाहतो. दुपार उलटल्यावरची वेळ त्यामुळे भरवशाची. आग्नेयेचा दमट ‘युगो’ दोन-तीन दिवस लाटा उठवत राहतो. वेलेबिट डोंगरावरून येणारा ईशान्येचा थंड ‘बुरा’ कितीही झोंबरा असला, तरी जमिनीकडून समुद्राकडे वाहत असल्याने पायऱ्यांवर लाटा फारशा आणत नाही. उन्हाळी पहाटे पाणी आरशासारखे असेल, तर वाद्य उसासे टाकल्यासारखे अधूनमधूनच वाजते. अशा वेळी ते बिघडले आहे असे समजून निघून जाऊ नये. एखादी फेरीबोट किंवा कॅटमरान (जोडसांगाड्याची वेगवान बोट) जाईपर्यंत थांबावे. बोट पुढे गेल्यावर थोड्या वेळाने तिची लाट काठाला लागते आणि टप्पे एकामागून एक बोलू लागतात.

सूर्यास्ताला येथे गर्दी उसळते. चित्रपट दिग्दर्शक हिचकॉकने १९६४ मध्ये इथल्या सूर्यास्ताची तारीफ केली, हे शहरात जागोजागी सांगितले जाते. देखावा खरोखरच उत्तम असतो, पण बोलण्याच्या गलबल्यात खालचे स्वर बुडून जातात. ऐकायचेच असेल तर रात्री दहानंतर किंवा गर्दी जमण्याआधी यावे. तिकीट नाही, फाटक नाही. एकाच जागी बसून राहू नये. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे थांबले, तरच स्वरांमधला फरक कळतो. ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर वाऱ्याकडे पाठ करून फोन भोकाजवळ धरावा, नाहीतर फक्त वाऱ्याची फरफर उतरते. सर्वांत खालची पायरी शेवाळाने निसरडी असते. भोकांत कागद, सिगारेटची थोटके टाकू नयेत.

शेजारीच बाशिच यांचीच ‘सूर्याला अभिवादन’ (२००८) ही रचना आहे : २२ मी. व्यासाच्या वर्तुळात बसवलेल्या ३०० काचफलकांखाली सौर घट. दिवसा ते वीज साठवतात, अंधार पडल्यावर खालचे दिवे रंग बदलत राहतात. दिवसा येथे पाहण्यासारखे विशेष काही नाही.

उरलेले जुने शहर पायी अर्ध्या दिवसात होते. रोमन फोरमच्या फरसबंदीवरच उभे असलेले नवव्या शतकातले संत दोनाट हे वर्तुळाकार चर्च पाहताना पाया जरूर निरखावा. रोमन खांबांचे तुकडे त्यात चक्क आडवे रचले आहेत. वास्तुकार मिकेले सानमिकेलीने १५४३ मध्ये बांधलेला भूद्वार दरवाजा आणि व्हेनिसच्या काळातली तटबंदी २०१७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बंदराच्या खाडीतून पलीकडे जायला ‘बार्कायोली’ नावाडी वल्ह्याच्या होड्या चालवतात. पुलावरून चालत जाण्यापेक्षा ते जवळ पडते. मारास्का चेरीचे मद्य माराशिनो याच शहरातले. लुक्सार्दो कुटुंबाने १८२१ मध्ये येथे त्याचा कारखाना काढला होता, तो दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत गेला.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात असल्याने भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. त्याच दिवसापासून चलन युरो झाले. झेमुनिक विमानतळ शहराच्या पूर्वेला जवळच आहे. झाग्रेब किंवा स्प्लिटहून येताना बस सोयीची. गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी जुन्या शहरातून नव्हे, तर काही किमी. दूरच्या गाझेनित्सा बंदरातून सुटतात; तिकीट हातात असूनही चुकीच्या धक्क्यावर उभे राहणारे प्रवासी नेहमी दिसतात. हिवाळ्यात बुरा जोरात असला की वेलेबिटखालचा महामार्ग बंद होतो आणि कॅटमरान रद्द होतात. त्या ऋतूत परतीच्या विमानाआधी एक दिवस हाताशी ठेवावा.