पारशी पंचायत, मुंबई

मुंबईतील पारशी-जरथुश्त्री समाजाचे धर्मादाय निधी, दोखमे (मृतदेह पक्ष्यांसाठी उघड्यावर ठेवण्याचे मनोरे) व निवासी वसाहती यांचा कारभार पाहणारी विश्वस्त संस्था. ‘बॉम्बे पारसी पंचायत’ या नावाने ती ओळखली जाते. समाजातील गरजूंना अल्प भाड्याचे घर, औषधोपचार, शिक्षण व वृद्धापकाळातील निर्वाह यांसाठी साहाय्य करणे हे तिचे आजचे मुख्य कार्य होय.

स्थापनेच्या काळाविषयी एकमत नाही. मलबार हिलवरील पहिला दोखमा मोदी हिरजी वाच्छा यांनी १६७० च्या दशकात बांधला. संघटित समाजाशिवाय त्याची देखभाल शक्य नव्हती, असे मानून काही लेखक पंचायतीचा आरंभ तेव्हापासून धरतात. दुसऱ्या मतानुसार, सुरतेचे दलाल रुस्तम माणेक यांचे पुत्र नवरोजी इंग्लंडहून परतून मुंबईत स्थायिक झाल्यावर, म्हणजे सुमारे १७२५ नंतर, ती आकारास आली. नवरोजी हे इंग्लंडला गेलेले पहिले पारशी मानले जातात. ईस्ट इंडिया कंपनीकडे अडकलेले कुटुंबाचे येणे त्यांनी तेथे दाद मागून मिळवले. त्यांच्या शब्दाला समाजात वजन आले ते त्यामुळेच असावे. पहिले मत मुख्यतः अनुमानावर उभे असल्याने दुसरे अधिक ग्राह्य वाटते. मात्र दोखम्याभोवती काही अनौपचारिक व्यवस्था आधीपासून असणे संभवते. १७७८ मध्ये गव्हर्नर विल्यम हॉर्न्बीने रूढी मोडणाऱ्यांना जातिभोजनातून वगळण्याचा किंवा जोड्याने मारण्याचा अधिकार पंचायतीस दिला. अन्य शारीरिक शिक्षेस मनाई होती. द्विभार्या प्रकरणांत श्रीमंतांना झुकते माप मिळते, या तक्रारींमुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचा दरारा ओसरला. १८६५ च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्यानंतर वैवाहिक तंटे न्यायालयाकडे गेले. पंचायतीकडे उरले ते निधी, आणि ते वाढतच गेले.

मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी होणाऱ्या उठमण्यात दिवंगताच्या नावे देणग्या जाहीर करण्याची प्रथा या वाढीस पोषक ठरली. घरांच्या बाबतीत वाडिया कुटुंबाचे, विशेषतः जेरबाई वाडिया यांचे कार्य मोठे आहे. कुलाब्याची खुस्रो बाग, भायखळ्याची रुस्तम बाग व लालबागची नवरोज बाग या वसाहतींनी अल्प उत्पन्नाच्या हजारो पारश्यांना मुंबईत टिकून राहता आले. निर्धनांच्या मुलांच्या शिक्षणासाठी जमशेटजी जिजीभाईंनी १८४९ मध्ये काढलेली संस्था पंचायतीहून स्वतंत्र आहे.

या निधींचा लाभ कोणाला, हा प्रश्न ‘पेटिट विरुद्ध जिजीभाई’ (१९०८) या खटल्यात ऐरणीवर आला. निमित्त होते रतनजी दादाभाई टाटा यांच्या धर्मांतरित फ्रेंच पत्नीचे. जरथुश्त्री धर्म स्वीकारला तरी जन्माने पारशी नसलेल्यास हे लाभ मिळणार नाहीत, असे न्या. दावर व न्या. बीमन यांनी ठरवले. पारशी पिता व परकी माता असलेल्या, जरथुश्त्री धर्माची दीक्षा घेतलेल्या मुलांना मात्र त्यांनी पारशी मानले. पारशी माता व परका पिता असलेल्या मुलांना अशी मान्यता मिळाली नाही. समाजाबाहेर विवाह केलेल्या स्त्रियांवर हा उघड अन्याय आहे.

२००८ पासून विश्वस्तांची निवड सर्व प्रौढ सभासदांच्या मतदानाने होते. भारतातील पारश्यांची संख्या २००१ मध्ये ६९,६०१ होती. २०११ मध्ये ती ५७,२६४ झाली. त्यामुळे गरिबीनिवारणाला लोकसंख्येच्या चिंतेची जोड मिळाली असून, घरवाटपात विवाहोत्सुक जोडप्यांना प्राधान्य व तिसऱ्या अपत्याच्या संगोपनासाठी अर्थसाहाय्य अशा योजना पंचायतीने आखल्या आहेत.