थर्मामीटर कुठे ठेवलाय?

माझ्या मावसबहिणीला ब्रेस्ट कॅन्सर निघाला तेव्हा ती ३१ वर्षांची होती, मुलगी जेमतेम ३ वर्षांची, आणि बातमी कळल्यावर सगळ्या गोतावळ्याने तेच केलं जे सगळे करतात, म्हणजे फोन. दिवसाला पंधरा-वीस फोन, आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच, "काही लागलं तर सांग हं". तिने कोणालाच काही सांगितलं नाही, कारण सांगायचं तर आधी आपल्याला काय लागणारे ते कळायला हवं ना. खरा उपयोग झाला तो तिच्या जावेचा, आणि तोही रात्री दीड वाजता. दुसऱ्या केमोनंतरचा दहावा दिवस, हिला अचानक हुडहुडी भरली, अंग तापलेलं, ही म्हणतेय पॅरासिटॅमॉल घेते नि झोपते, सकाळी बघू. जाऊ उठली, थर्मामीटर लावला, १०१.२. म्हणाली गोळी घ्यायची नाही, आधी हॉस्पिटलला फोन. तासाभरात सलाइनमधून अँटिबायोटिक चालू झालं होतं.

आता यात एवढं काय, ताप तर सगळ्यांनाच येतो, असं वाटेल. पण केमोचं काम कसं चालतं ते बघा. ही औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर तुटून पडतात, कॅन्सरची पेशी कोणती नि आपली कोणती हे त्यांना नीट ओळखता येत नाही. त्यामुळे केसांची मुळं, तोंडातलं आणि आतड्यातलं अस्तर आणि हाडांमधला मगज, जिथे सतत नवीन पेशी बनत असतात, तिथे पण मार बसतो. मगजात रक्त तयार होतं. लाल पेशी साधारण १२० दिवस टिकतात म्हणून त्यांचा तुटवडा हळूहळू जाणवतो, पण जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तात फार तर दिवसभर टिकतात, मागून नवीन आल्या नाहीत की साठा लगेच संपतो. बऱ्याच केमोंमध्ये ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान हा आकडा तळाला जातो. आणि यातला खरा चकवा असा की जखमेत जो पू होतो तो बहुतेक या मेलेल्या न्यूट्रोफिलचाच असतो, म्हणजे न्यूट्रोफिलच नसतील तर पू नाही, लाली नाही, सूज पण फारशी नाही. इन्फेक्शन आत वाढत असतं आणि बाहेर खूण एकच, ताप. म्हणून केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सियसच्या वर ताप गेला की ती इमर्जन्सी, आणि डॉक्टरांना न विचारता पॅरासिटॅमॉल घेणं म्हणजे ती एकुलती एक खूण पण पुसून टाकणं. हॉस्पिटलात पोचल्यावर पहिल्या तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो, पण त्याआधी घरातून निघायला किती वेळ लागला ते घरच्यांच्या हातात असतं.

माझ्या मते आधार म्हणजे काय ते या एका रात्रीत आलं. आपण आधार म्हणजे पाठीवर हात, डोळ्यात पाणी असं काहीतरी समजतो, तेही हवंच, पण शरीराच्या बाजूने पाहिलं तर आधार बराचसा अशा रुक्ष गोष्टींमधून काम करतो.

२०१३ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास आला होता, ७ लाखांहून जास्त कॅन्सर पेशंटचा. त्यात लग्न झालेल्यांचं कॅन्सरने मरण्याचं प्रमाण न झालेल्यांपेक्षा (यात घटस्फोटित, विधवा, विधुर पण आले) साधारण २० टक्क्यांनी कमी होतं, आणि ब्रेस्ट कॅन्सर धरून ५ कॅन्सरमध्ये तर हा फायदा केमोने होणाऱ्या फायद्याच्या तोलाचा, किंबहुना जास्तच होता. वाचून लोकांनी लगेच लग्नाचे गोडवे गायले. पण जरा आत शिरलं तर दिसतं की लग्न झालेल्यांचा आजार लवकरच्या स्टेजला पकडला गेलेला जास्त, आणि त्यांना पूर्ण ट्रीटमेंट मिळालेली पण जास्त. म्हणजे घरात कोणीतरी होतं जे म्हणालं, "अगं ती गाठ दाखव आधी", कोणीतरी सोबत गेलं, कोणीतरी पुढची तारीख चुकू दिली नाही. आणि गंमत म्हणजे हा फायदा पुरुषांना बायकांपेक्षा जास्त होता, का ते सांगायला नको, घरात आजारपणं कोण काढतं ते सगळ्यांना माहितीये.

मग नवरा नसेल तर? २००६ चा अमेरिकेतल्याच नर्सेसवर झालेला अभ्यास मला जास्त आवडतो, ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या २,८३५ बायका. ज्या आधीपासूनच अगदी एकट्या पडलेल्या होत्या त्यांचं ब्रेस्ट कॅन्सरने मरण्याचं प्रमाण माणसांत असणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं. जवळचे नातेवाईक, मैत्रिणी, मुलं, यांच्या असण्याने फरक पडत होता. म्हणजे जाऊ, मैत्रीण, शेजारीण, ऑफिसमधली कलीग, सगळ्या हिशोबात धरायच्या.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी, नाहीतर लोक यावरून भलतंच काहीतरी बनवतात. १९८९ साली कॅलिफोर्नियातला एक अभ्यास खूप गाजला होता, शरीरभर पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या ८६ बायका, त्यातल्या काहींना वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसवून मन मोकळं करायला लावलं, आणि त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९. जवळपास दुप्पट! साहजिकच मन खंबीर असेल तर कॅन्सर हरतो अशी हवा झाली. मग कॅनडात २३५ बायकांवर तेच परत करून बघितलं, २००१ ला रिझल्ट आला, आयुष्यात काहीच फरक नाही. पहिला अभ्यास ज्यांनी केला होता त्यांनी स्वतः पुन्हा केला, २००७ मध्ये, तरी एकंदरीत आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पण कॅनडातल्या त्या बायकांना, खास करून ज्या आधी जास्त त्रासात होत्या त्यांना, दुखणं कमी वाटलं आणि मन हलकं झालं, आणि मला हे अजिबात छोटं वाटत नाही. २००७ मध्येच १,०९३ पेशंटचा आणखी एक अभ्यास आला, डोक्या-मानेच्या कॅन्सरचा, त्यातही मन किती आनंदी आहे यावरून कोण किती जगेल हे ठरत नव्हतं. म्हणून "पॉझिटिव्ह रहा, रडलीस तर आजार वाढेल" हे वाक्य मला ऐकवत नाही. आधीच केमो चाललीये, त्यात आता रडण्याचा पण गुन्हा. रडू द्या की तिला.

याउलट लक्ष ठेवल्याने मात्र आयुष्य वाढू शकतं. न्यूयॉर्कमध्ये ७६६ पेशंटवर केलेला एक प्रयोग २०१७ ला छापून आला, त्यात एका गटातले पेशंट आपल्याला काय काय होतंय, उलटी, दम, दुखणं, ते कॉम्प्युटरवर नियमित भरायचे आणि काही बिघडलं की नर्सला मेसेज जायचा, बस एवढंच. त्या गटाचं मधलं आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो आकडा) ३१.२ महिने, नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या गटाचं २६. कुठलंही नवीन औषध न देता ५ महिने. घरात असं कॉम्प्युटर नसलं तरी एक वही पुरते. आमच्याकडे ती वही भावाकडे होती, तारीख, ताप, उलट्या किती, शौचाला झाली का, तोंड आलंय का, आणि डॉक्टरांकडे तोच बरोबर जायचा, कारण केमोमध्ये डोकं धुकं भरल्यासारखं होतं, ऐकलेलं राहत नाही, शब्द आठवत नाहीत. हिने मान डोलवायची आणि त्याने लिहून घ्यायचं. नातेवाईकांचे फोन पण त्यानेच स्वतःवर घेतले, रविवारी ग्रुपवर एक मेसेज टाकायचा, सगळ्यांना एकदम.

खाण्याचं एक सांगते, मला स्वतःला हे नव्हतं माहीत. केमोच्या दिवशी तिच्या आवडीचं काहीतरी करून न्यावं असं प्रेमापोटी सगळ्यांना वाटतं, आणि तेच करू नये. १९७८ मध्ये संशोधकांनी केमो घेणाऱ्या लहान मुलांना औषधाच्या आधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं, नंतर परत विचारलं तर त्या मुलांना ते नको होतं. पोट ढवळलं की मेंदू आधी खाल्लेल्या पदार्थावर आळ घेतो, औषधावर नाही, आणि तुम्हाला कारण माहीत असलं तरी मेंदू ऐकत नाही. पुढे १९८७ ला त्यावर तोड पण निघाली, जेवण आणि केमो यांच्या मध्ये वेगळ्याच चवीची एक गोळी चघळायला द्यायची, सगळा आळ त्या गोळीवर जातो आणि जेवण वाचतं. बळीचा बकरा म्हणा. त्यामुळे आवडीचे पदार्थ केमोपासून लांबच्या दिवसांसाठी राखून ठेवा. हेच वासाचं, काही जणींना नंतर हॉस्पिटलचा जिना चढतानाच मळमळायला लागतं, ते नाटक नसतं.

भेटायला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका, कितीही जवळचे असलात तरी, आणि घरातल्यांनी फ्लूची लस घेऊन ठेवावी. कॅन्सर शिवल्याने होत नाही, ताट-वाटी वेगळी करायची काही गरज नाही, मिठी मारा. फक्त केमोनंतर ४८ तास तरी लघवी, उलटी यात औषधाचा अंश असतो, ते साफ करताना हातमोजे घालायचे.

तरुण बाईच्या बाबतीत एक विषय असा असतो जो घरात कोणी काढत नाही आणि घड्याळ चालू असतं. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोषात १० ते २० लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात, नवीन बनत नाहीत. सायक्लोफॉस्फमाइडसारखी केमोची औषधं हा साठा आणखी खाऊ शकतात. बीजं किंवा गर्भ गोठवून ठेवायचा तर साधारण २ आठवडे लागतात आणि ते केमोच्या आधी करावं लागतं, म्हणजे रिपोर्ट आल्यावर सगळे सुन्न बसलेले असतात नेमके तेच दिवस. बीजकोषाचा तुकडा गोठवण्याचा पण मार्ग आहे, बेल्जियममध्ये १९९७ साली २५ वर्षांच्या एका पेशंटचा तुकडा असा ठेवला होता, बरी झाल्यावर परत बसवला आणि २००४ मध्ये तिला मुलगी झाली. माझ्या बहिणीच्या वेळी हा विषय तिच्या मैत्रिणीने काढला. वडीलधारी मंडळी म्हणाली आधी जीव महत्त्वाचा, एक मुलगी आहे ना, आणि त्यांचं चुकलं असं नाही, पण निर्णय तिचा होता आणि प्रश्न तिच्यापर्यंत वेळेत पोचणं महत्त्वाचं होतं. आणखी एक, इतक्या लहान वयात ब्रेस्ट कॅन्सर झाला की जीन तपासायला सांगतात, ब्रेस्ट कॅन्सरशी संबंध असलेल्या बीआरसीए जीनमध्ये दोष निघाला तर सख्ख्या बहीण-भावांमध्ये पण तो असण्याची शक्यता साधारण निम्मी, म्हणजे मग आधार द्यायला आलेल्या बहिणीला स्वतःची पण टेस्ट करायची असते. त्या घरात तेव्हा कोण कोणाला धीर देणार कळत नाही.

नवऱ्यांबद्दल लिहू की नको विचार करत होते. २००९ चा एक अभ्यास आहे, ५१५ जणांचा, ब्रेन ट्यूमर, इतर कॅन्सर आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू-मज्जारज्जूचा आजार) असे गंभीर आजार. बायको आजारी असेल तर २०.८ टक्के जोडपी वेगळी झाली, नवरा आजारी असेल तर २.९ टक्के. अर्थात याचा अर्थ जवळपास ८० टक्के नवरे थांबले असाही होतो, माझा मेहुणा त्यातला, पण तो पण तिसऱ्या केमोला पार मोडून गेला होता आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं. सांभाळणारा माणूस पण झोपायला हवा, त्यासाठी रात्रीची पाळी वाटून घ्यायला दोन-तीन माणसं लागतात, एकाच्या प्रेमावर हे भागत नाही.

शेवटची केमो झाली तेव्हा सगळ्यांनी हुश्श केलं आणि फोन बंद झाले. तिचा वाईट काळ मात्र तेव्हा सुरू झाला. केस परत यायला लागले, लोक म्हणाले किती छान दिसतेस, आणि ती दुपारी चारला आडवी, कारण हा थकवा झोपेने जात नाही आणि काही जणींना महिनोन्‌महिने राहतो. सगळे सांगायचे आराम कर, डॉक्टर म्हणाले रोज थोडं चाल, आणि या थकव्यावर झेपेल तेवढा व्यायाम उपयोगी पडतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण एकटीने उठवत नाही ना. मग जाऊ यायची संध्याकाळी, चप्पल घालून दारात उभी, आधी दहा मिनिटं, मग वीस. हार्मोनची गोळी तिला अजून काही वर्षं घ्यायचीये, ती पण या फिरण्याच्या वेळेला बांधून टाकली म्हणजे विसरायला नको. थर्मामीटर अजून उशाशीच असतो, गेल्या आठवड्यात मुलीला ताप आला तेव्हा काढला, आणि १०० दिसल्यावर दोघी जावा एकमेकींकडे बघून हसल्या म्हणे.