छोट्या धावपट्ट्यांवरचा पहारा : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या छोट्या विमानतळांवर संशयास्पद हालचाल कळवण्यासाठीचा टोल-फ्री क्रमांक डिसेंबर 2002 मध्ये सुरू झाला. खासगी वैमानिकांची संघटना आणि केंद्रीय सुरक्षा यंत्रणा यांचा हा संयुक्त उपक्रम. क्रमांक नवा होता, पण काय बघायचं याच्या बऱ्याचशा खुणा जुन्याच, तस्करीच्या काळातल्या.

1970-80 च्या दशकांत कोलंबियाचं कोकेन बहामाजमार्गे छोट्या विमानांतून फ्लोरिडात येत असे. मागच्या सीट काढलेल्या, केबिनमध्ये इंधनाच्या जादा टाक्या, शेपटीवरचा नोंदणी क्रमांक चिकटपट्टीने बदललेला, इंधनाचे पैसे रोख. या खुणा डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या. धावपट्टीवर रोज वावरणाऱ्या मेकॅनिकला त्या सहज कळत.

11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर याच खुणा दहशतवादाला लावल्या गेल्या आणि तिथेच गफलत झाली. त्या हल्ल्यांसाठी विमान अपहरण करणाऱ्यांपैकी काही जण फ्लोरिडातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये फी भरून रीतसर शिकले होते. 5 जानेवारी 2002 ला टाम्पामध्ये 15 वर्षांच्या विद्यार्थ्याने सेस्ना 172 हे छोटं विमान एका बँकेच्या टोलेजंग इमारतीवर आदळवलं. प्रशिक्षकाने त्याला उड्डाणपूर्व तपासणी करायला सांगितलं होतं. तो विमानात बसला आणि एकटाच उडाला. कुंपणापाशी उभ्या असलेल्या माणसाला यात खटकण्यासारखं काय दिसलं असतं? मुलगा ओळखीचा, विमान शाळेचं, वेळ ठरलेली.

मे 2004 मध्ये छोट्या विमानतळांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. उभ्या विमानाला प्रॉपेलर-लॉक किंवा थ्रॉटल-लॉक (पुढचा पंखा किंवा इंजिनाचा वेग-दांडा जखडणारं कुलूप), हँगरला म्हणजे विमान ठेवायच्या शेडला कुलूप, किल्ल्या विमानात न ठेवणं, विद्यार्थ्याची ओळख पटवणं, अशा साध्या गोष्टी त्यात आहेत. सप्टेंबर 1994 मध्ये मेरीलँडहून चोरलेलं सेस्ना व्हाइट हाउसच्या हिरवळीवर कोसळलं होतं, त्यामुळे कुलपाचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. लोकांना शंका होती ती ‘संशयास्पद’ कशाला म्हणायचं याबद्दल.

2001 नंतर वैमानिकांना एक सूचना मिळाली: अणुऊर्जा केंद्रं, धरणं अशा ठिकाणांवर शक्यतो घिरट्या घालू नका. ‘शक्यतो’ म्हणजे सक्ती नव्हे. नकाशावर तिथे बंदी दाखवलेलीही नव्हती. जुलै 2012 मध्ये दक्षिण कॅरोलिनात सत्तरीतला एक ग्लायडर वैमानिक अशाच केंद्राजवळ वर चढणाऱ्या गरम हवेत घिरट्या घालत होता. ग्लायडरला इंजिन नसतं. उंची मिळवायची तर त्या हवेत गोल फिरण्यावाचून गत्यंतर नाही. खालून मात्र ती टेहळणी वाटली. त्याला उतरायला सांगण्यात आलं. खाली पोलीस वाट पाहत होते. रात्र कोठडीत गेली, शांतताभंगाचा गुन्हा दाखल झाला. पुढे आरोप मागे घेतले गेले, तेही त्याने दावा न लावण्याच्या अटीवर. ज्या सूचनेत सक्ती नव्हती, तिच्यापायी माणूस गजाआड गेला; हे समर्थनीय मानणं अवघड आहे.

पाठोपाठ 2013 च्या सुमारास आणखी तक्रारी आल्या. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी छोटी विमानं वाटेत इंधनासाठी उतरली की सीमाशुल्क व सीमासुरक्षा यंत्रणेचे शस्त्रधारी अधिकारी त्यांना घेरत आणि झडती घेत. बहुतेकांकडे काहीच सापडत नसे. अधिकाऱ्याने मागितल्यास परवाना दाखवणं वैमानिकाला बंधनकारक आहे. विमानाची झडती मात्र वेगळी बाब. देशांतर्गत उड्डाणात त्यासाठी संमती किंवा सबळ कारण लागतं. वैमानिकांच्या संघटनेने माहिती अधिकाराचे अर्ज केले, लोकप्रतिनिधींकडे दाद मागितली, आणि 2014 मध्ये सीमाशुल्क यंत्रणेने अशा झडत्यांना आवर घातला.

त्याआधी 2008 मध्ये 12,500 पौंडांहून जड खासगी विमानांवर कडक नियम लादण्याचा प्रस्ताव आला होता. हजारो हरकती आल्या आणि तो प्रस्ताव नियम झालाच नाही. 2004 च्या सूचना 2017 मध्ये सुधारल्या गेल्या, पण त्याही शिफारशीच राहिल्या.