प्रॉव्हनन्स

प्रॉव्हनन्स : एखादी वस्तू मुळात कुठली, आणि तिथून इथवर ती कोणाकोणाच्या हातून आली, हे दोन्ही एका दमात सांगणारे इंग्रजी नाम. लॅटिनमधील ‘प्रोव्हेनिरे’ म्हणजे पुढे येणे, निपजणे. त्यापासून हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि १८व्या शतकाच्या अखेरीस तिथे रुजला. मराठीत त्यासाठी उगम, मूळ, स्रोत, उत्पत्तिस्थान असे शब्द योजले जातात. त्यांतला एकही पुरा पडत नाही, कारण ते सगळे आरंभापाशी थांबतात. ‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. प्रॉव्हनन्सला मूळ हवे, कूळ हवे, आणि वाटेतला प्रत्येक मुक्कामही हवा.

या अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारी मराठी गोष्ट तलाठ्याच्या दप्तरात सापडते. सातबाऱ्यावर आजचा मालक दिसतो. जमीन त्याच्याकडे खरेदीने आली, वारसाने आली की वाटणीत आली, हे मात्र फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, पाहावे लागते. करवीर तालुक्यातला शेतकरी जमीन घेण्याआधी जुने फेरफार काढतो, तेव्हा तो जमिनीचा प्रॉव्हनन्सच तपासत असतो. चित्र किंवा मूर्ती विकत घेणारे संग्रहालयही हेच करते. मधली एखादी नोंद गहाळ असली की वस्तू चोरीची, लुटीची किंवा बनावट असल्याची शंका येते. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७० चा करार आणि भारताचा १९७२ चा पुरावस्तू कायदा यांनंतर ही विचारपूस अधिक कडक झाली.

पुरातत्त्वात, विशेषतः अमेरिकी लेखनात, याच्या जोडीला ‘प्रोव्हीनिअन्स’ हा सख्खा शब्द वापरतात. त्याचा अर्थ वस्तू जमिनीत नेमकी जिथे मिळाली ती जागा. दोहोंतला फरक समजून घ्यायला कोल्हापूरइतके चांगले ठिकाण क्वचितच असेल. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झाले. तिथे रोमन कांस्यवस्तूंबरोबर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी मूर्ती मिळाली. आज ती टाउन हॉलमधील संग्रहालयाचे भूषण आहे. तिचा प्रोव्हीनिअन्स ब्रह्मपुरी. घडण मात्र भूमध्य समुद्राकडची. या दोन टोकांमध्ये सातवाहनकाळातला सागरी व्यापार, कोकणातली बंदरे आणि सह्याद्रीचे घाट येतात. उद्या हीच मूर्ती एखाद्या लिलावात नुसती ‘रोमन कांस्यमूर्ती’ म्हणून आली असती, तर ती देखणी ठरली असती, पण कोल्हापूरच्या इतिहासाविषयी तिला काहीही सांगता आले नसते. सापडल्या जागेची नोंद हरवणे हे मूर्तीचा हात तुटण्याहून मोठे नुकसान आहे.

अभिलेखागारांत प्रॉव्हनन्स हे मांडणीचे तत्त्व आहे. ज्या दप्तरात कागद तयार झाले, त्याच दप्तराच्या क्रमाने ते ठेवायचे. विषयवार वाटून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मोडायचे नाहीत. मोडी कागदपत्रे वाचणाऱ्याला याचे मोल लगेच कळते, कारण एका पत्राचा अर्थ बहुधा शेजारच्या पत्रात असतो. भूविज्ञानात गाळ कोणत्या खडकातून आला आणि वनशास्त्रात बी कोणत्या रानातले, यासाठीही हाच शब्द आहे.

वापराच्या दृष्टीने हे इंग्रजीत बहुधा अगणनीय नाम. ‘डाउटफुल प्रॉव्हनन्स’ म्हणजे संशयास्पद पूर्वेतिहास. ज्याचा मागोवा लागत नाही ते ‘अनप्रॉव्हनन्स्ड’. ‘ओरिजिन’ला एक बिंदू पुरतो आणि ‘सोर्स’ने माहिती किंवा पुरवठा कुठून झाला तेवढे कळते, म्हणून या दोहोंच्या जागी प्रॉव्हनन्स वापरू नये.

बाजारात हा शब्द भौगोलिक मानांकनाच्या रूपाने भेटतो. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ मध्ये मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला मूळ न सांगता मांडल्या, तेव्हा इथल्या कारागिरांनी हरकत घेतली ती याच मुद्द्यावर. मानांकनाने प्रदेश ठरतो. कातडे कोणी कमावले, वेणी कोणी घातली, शिवण कोणाच्या हातची, हे त्यावरून कळत नाही. प्रॉव्हनन्सच्या पूर्ण अर्थाने चपलेची नोंद करायची तर ही नावेही तिच्यासोबत असायला हवीत.