कच्चा कैदी, पक्का कैदी

अलिबागच्या हिराकोटाजवळून जाताना माणसं सहज म्हणतात, "आत शिक्षा झालेले लोक असतात." कान्होजी आंग्र्यांनी १७२० मध्ये बांधलेल्या या कोटात आज जिल्हा कारागृह आहे, आणि जिल्हा कारागृहात बहुतेक जण खटला संपायची वाट पाहणारेच असतात. तुरुंगाच्या बोलीत ते 'कच्चे कैदी'. कोर्टाने शिक्षा सुनावली की माणूस 'पक्का' होतो. शिक्षा मोठी असेल तर त्याला सहसा मध्यवर्ती कारागृहात, कळंब्याला किंवा येरवड्याला धाडतात.

हा फरक कळल्याशिवाय "तुरुंग वाढवा" या मागणीचं काय करायचं ते ठरवता येत नाही. मागणी खोटी नाही. ठाण्याच्या किल्ल्यातल्या कारागृहाची क्षमता १,१०५, आणि गेली काही वर्षं तिथे त्याच्या तिपटीच्या आसपास माणसं कोंबलेली आहेत. कूस बदलायला जागा नसताना झोपणं ही कुठल्याच कायद्यात लिहिलेली शिक्षा नाही. पण गर्दी कोणाची आहे? २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि जागा ४,३६,२६६. त्यांतले कच्चे ४,३४,३०२. म्हणजे देशात आहे तेवढी जवळजवळ सगळी जागा एकट्या कच्च्या कैद्यांनीच भरते.

पक्क्याला आपली सुटकेची तारीख ठाऊक असते. कामाची मजुरी मिळते, चांगल्या वर्तनाबद्दल माफीचे दिवस मिळतात, नियमात बसलं तर संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोलही. कच्च्याला अंगावर स्वतःचे कपडे घालता येतात, काम सक्तीचं नसतं. हातात मात्र फक्त पुढची तारीख. मतदान दोघांनाही करता येत नाही, आणि दोष सिद्ध न झालेल्या माणसाच्या बाबतीत हे मला फार खुपतं.

आपल्याकडे हापूसच्या बागा राखायला नेपाळी कामगार असतात. समजा, त्यांतल्या एखाद्यावर चोरीचा आळ आला आणि कोर्टाने जामीन दिला. गावात बातमी जाते, "सुटला." तो सुटलेला नसतो. जामीनदार लागतो, जामीनदाराची ऐपत दाखवायला सातबारा किंवा सॉल्व्हन्सीचा दाखला लागतो. परक्या मुलखातल्या माणसासाठी सातबारा घेऊन कोण उभं राहणार? हुकूम फायलीत आणि माणूस बराकीत, असे आठवडे जातात. त्याच्यासाठी नवी बराक बांधणं म्हणजे गळक्या कौलांखाली आणखी एक घमेलं ठेवणं.

यावर उपाय कायद्यातच आहेत. जामीन मिळून सात दिवसांत कैदी बाहेर पडला नाही तर तुरुंगाच्या अधीक्षकाने मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने आपणहून अटी सैल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत सांगितलं. त्याच वर्षीच्या केंद्राच्या योजनेत सुरुवातीला गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. पक्का कैदी दंड भरता येत नाही म्हणून अडकला असेल तर २५,००० पर्यंत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ तर प्रत्येक घरात माहीत असावं. याआधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायचं. इतरांसाठी ही मुदत निम्मी. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला, किंवा एकाहून जास्त खटले चालू असतील तर, हे लागू नाही. मुदत भरली की कोर्टाला लेखी अर्ज करणं हे अधीक्षकाचं काम आहे.

आपलं कोणी आत असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नसते. जाताना अटकेची तारीख आणि लावलेली कलमं कागदावर लिहून न्या. एक तृतीयांशाचा हिशेब त्यावरूनच मांडतात.