पार्श्वभूमी: बोटीवरचा मुक्काम आणि नव्वद दिवसांचं गणित

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या खेड्यापाशी, मोझेल नदीतल्या एका प्रवासी बोटीवर पाच देशांनी आपापसातल्या सीमांवरची तपासणी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. युरोपच्या किनाऱ्याने शिडाच्या बोटीवर राहून गावोगाव फिरणाऱ्या परदेशी लोकांचं वर्षभराचं वेळापत्रक आज याच करारातून वाढलेल्या नियमांवर चालतं.

असं फिरणं या कराराहून पुष्कळ जुनं. एकोणिसाव्या शतकात तो पैसेवाल्यांचा छंद होता. १९६० नंतर फायबरग्लासच्या बोटी आल्या आणि साध्या पगारदाराच्याही आवाक्यात बोट आली. फ्रान्सने १९६३ पासून लांगदॉकच्या डासांनी भरलेल्या दलदली किनाऱ्यावर सरकारी खर्चाने बंदरं उभी केली. त्यातल्या पोर्ट कामार्गला आज पाच हजारांच्या आसपास बोटी लागतात. एड्रियाटिक समुद्रावर युगोस्लावियाने १९८३ पासून मरीनांची, म्हणजे खासगी बोटींच्या बंदरांची, साखळी बांधली. १९९१ च्या युद्धाने ती ओस पडली आणि पुढे क्रोएशियाच्या पर्यटनाचा कणा झाली.

खरी गुंतागुंत आहे ती ‘नव्वद दिवस’ या शब्दांत. पूर्वीचा नियम असा होता: करारातल्या देशांत, म्हणजे शेंगेन क्षेत्रात, बाहेरच्या माणसाला पहिल्या प्रवेशापासून सहा महिन्यांत तीन महिने राहता येईल. पण ‘पहिला प्रवेश’ म्हणजे नेमका कोणता? २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की सहा महिने संपल्यावर माणूस पुन्हा आत आला की तो नव्याने पहिला प्रवेश. म्हणजे जानेवारीत एक दिवस येऊन जायचं, सहामाहीचे शेवटचे एकोणनव्वद दिवस राहायचं आणि लगेच पुढचे तीन महिने सुरू करायचे. सलग सहा महिने, तेही कायद्याच्या चौकटीत. एप्रिल ते सप्टेंबर हा शिडाचा हंगाम त्यात अगदी बरोबर बसत होता.

१८ ऑक्टोबर २०१३ ला ही वाट बंद झाली. तेव्हापासून कुठल्याही दिवशी मागचे १८० दिवस मोजायचे, त्यात ९० पेक्षा जास्त नकोत. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरायचा. प्रेवेझाला १ एप्रिलला ग्रीसमध्ये शिरलेल्या माणसाचे सलग नव्वद दिवस २९ जूनला भरतात आणि पुढचा दिवस मिळतो तो थेट २८ सप्टेंबरला. हाताशी ऑक्टोबर उरतो, पावसाचा आणि वादळांचा. बोट ताशी पाच नॉट, म्हणजे नऊ-दहा किलोमीटरने जाते. वारा आडवा असेल तर चार-चार दिवस एकाच खाडीत काढावे लागतात. विमानाने येऊन हॉटेलात उतरणाऱ्या माणसाला समोर ठेवून केलेलं हे मोजमाप बोटीवर राहणाऱ्यांवर अन्याय करतं, असं मला वाटतं.

त्यावर उपाय निघत होता. एप्रिल २०१४ मध्ये ‘टूरिंग व्हिसा’चा प्रस्ताव मांडला गेला. एका देशात १८० पैकी ९० दिवसांपेक्षा जास्त नाही, पण शेंगेन क्षेत्रात एकूण वर्षभर फिरायची मुभा. फिरते कलाकार, निवृत्त मंडळी यांच्यासाठी म्हणून तो आला, पण बोटीवाल्यांना याहून सोयीचं काही सुचवता आलं नसतं. सदस्य देशांत एकमत झालं नाही आणि २०१८ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. या एका निर्णयाने किती घरांचा उन्हाळा मोडला, याची दखल फारशी कुणी घेतली नाही. न्यूझीलंडच्या नागरिकांना तेवढा दिलासा आहे: अनेक देशांशी असलेले त्यांचे जुने द्विपक्षीय करार अजून चालतात.

तोवर ब्रिटिशांना यातलं काही मोजावं लागत नव्हतं. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, तेही रांगेत आले. शिवाय बोटीचा प्रश्न निराळाच. माणसाचे दिवस सीमा पोलीस मोजतात, बोटीचे कस्टम्स. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याच्या बोटीला कर न भरता १८ महिने थांबता येतं. म्हणजे जून संपताना मालकाला निघावं लागतं, बोट मात्र धक्क्यावर राहू शकते. आणि ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री ब्रिटिशाची बोट कुठे उभी होती, यावर तिचा युरोपीय संघातला कराचा दर्जा ठरला. कर भरलेली बोट स्पेनमध्ये असेल तर दर्जा टिकला, साउदॅम्प्टनला असेल तर गेला.

मग लोक दिवस वाचवायला शेंगेनबाहेरच्या पाण्याकडे वळले. ग्रीसच्या ऱ्होड्सहून तुर्कीतलं मार्मारिस, कॉर्फूहून अल्बानियाचं सारांडा, क्रोएशियाच्या दक्षिणेला मॉन्टेनेग्रो. खुद्द क्रोएशियाही दिवस साठवायची हक्काची जागा होती, पण १ जानेवारी २०२३ ला तो शेंगेनमध्ये गेला आणि एड्रियाटिकचा मोठा हिस्सा या हिशोबात आला.

भारतीय पासपोर्टवर मात्र हा पर्याय मुळातच अडखळतो. व्हिसावर एकदाच प्रवेश लिहिलेला असेल, तर ग्रीसच्या कोस बेटाहून समोर दिसणाऱ्या तुर्कीतल्या बोडरुमला गेलेला माणूस परत येऊ शकत नाही. अनेक प्रवेशांचा व्हिसा हातात असल्याशिवाय तुर्की-ग्रीस फेरीचा बेत आखूच नये.

बोटीच्या लॉगबुकात मागच्या पानावर पेन्सिलने हे दिवस मांडलेले असतात आणि ताळा पासपोर्टावरच्या शिक्क्यांशी होत असे. समुद्रमार्गे आलेल्याच्या शिक्क्यावर चिमुकलं जहाज असायचं, बाजूला आत किंवा बाहेरचा बाण. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पुसट शिक्क्यावरून होणारे वाद त्याने मिटतील. पण बंदरात शिरल्यावर आता पोलिसांच्या खिडकीपर्यंत एकट्या कप्तानाने पासपोर्ट घेऊन जाणं पुरत नाही, ज्याचे ठसे घ्यायचे तो प्रत्येक जण उतरावा लागतो.